प्रतिसाद: कोटा उठवू नका, उलट मैदानापर्यंत न्या

परदेशी खेळाडूंच्या संख्येवरची मर्यादा, म्हणजे कोटा, उठवला की इंग्लंडच्या सुपर लीगचा (तिथल्या रग्बी लीग स्पर्धेचा) दर्जा आपोआप वाढेल, असं वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. तिथल्या सेंट हेलेन्स क्लबकडे बघा ना. २०१९ ते २०२२ सलग चार विजेतेपदं, आणि २०२३ मध्ये थेट ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या पेनरिथ क्लबला १३-१२ असं हरवलं. जेम्स रोबी, जॉनी लोमॅक्स, सेंट हेलेन्सचा कणाच त्यांच्या युवा अकादमीतला. समोरचा पेनरिथही पश्चिम सिडनीतल्या पोरांवरच उभा राहिलेला.

शिवाय सुपर लीगचा कोट्याचा नियम जन्म कुठला ते विचारत नाही, खेळाडू घडला कुठे ते बघतो. मला हे फार योग्य वाटतं.

मी नाशिकला पंचवटीत मुलांना कबड्डी शिकवतो. पेठकडून एसटीने येणारा १६ वर्षांचा एक पोरगा आहे, डावा कोपरा सांभाळतो. चढाईवाला मागे वळायच्या आत त्याचा घोटा याच्या हातात असतो! गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी आमच्याच संघाने बाहेरून दोन तयार खेळाडू आणले. हा चारही सामने राखीव बाकावर, गुडघ्याला पट्टी बांधून तयार. नंतर दोन महिने सरावाला फिरकलाच नाही, द्राक्षबागेत छाटणीला जात होता. घरी जाऊन समजावून आणला.

म्हणून म्हणतो, कोटा नुसत्या नोंदणीच्या यादीत नको. सुपर लीगमध्ये मैदानात उतरणाऱ्या १३ जणांत किती घरचे, ते मोजा.