आरसी बोट तलावात मधेच अडकली की काढायची कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मिरज तालुक्यातल्या एका पाझर तलावावर आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी रिमोटच्या बोटी चालवतो. बोट जरा लांब गेली की जलपर्णीत घुसते, प्रोपेलरला मुळं गुंडाळली जातात आणि खेळ खल्लास. माझी बोट 65 सेंमी लांब, ब्रशलेस मोटर, थ्री-एस (तीन सेलची) लायपो बॅटरी. ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) रिव्हर्स नाही, म्हणजे उलट फिरवून मुळं सोडवायची सोय नाही. थ्रॉटल दाबत राहावं, तर जाम मोटर भरमसाट करंट ओढते, आणि ईएससी थंड करणारं पाणी बोट पळत असेल तरच आत येतं.

सध्या सगळी भिस्त वाऱ्यावर. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, मोकळ्या पाण्यातली बोट उशिरा का होईना पूर्वेच्या काठाला लागते. जलपर्णीतली मात्र जिथल्या तिथे.

‘पोहून आणा’ असं कृपया सुचवू नका. कृष्णा-वारणेत मगरी आहेत हे सांगलीकरांना सांगायला नको. या तलावात अजून कुणी पाहिली नाही, पण पहिला मान मला नको. मुळांत पाय अडकला तर पट्टीच्या पोहणाऱ्याचीही धडगत नसते.

ओढून आणायला दुसरी बोट बनवावी की गळाची काठी घ्यावी? दोन्हींचा खर्च एकदम झेपणार नाही.

– तलावकाठचा

गळवाले काका: आधी काठी. रीळवाला दहा-बारा फुटी रॉड घ्या. गळ लावू नका, बोटीच्या बॉडीला भोकं पडतील. टेनिस बॉलला चीर देऊन आत थोडं पाणी भरा आणि तंगूस (गळाची बारीक दोरी) पक्का बांधा. बॉल वजनामुळे लांब जातो आणि तरंगतोही. वारा पाठीवर घेऊन बोटीच्या पलीकडे फेका, मग सावकाश गुंडाळा. तंगूस अँटेनाच्या नळीत किंवा सुकाणूत अडकला की बोट मुकाट येते. हिसका मारलात तर उलटेल.

नाखवा_हौशी: मोकळ्या पाण्यात ओढणारी बोट झकास. तिला वेग नको, रुंद बूड आणि साधी ब्रश मोटर पुरे. मागे दोरीचा लांब फास सोडायचा आणि अडकलेल्या बोटीभोवती गोल फेरी मारायची. दोरी पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या, ती तरंगते. नायलॉन बुडतो आणि ओढणाऱ्या बोटीच्याच पंख्यात जातो, मग दोन बोटी अडकलेल्या बघत बसा. जलपर्णीत मात्र हिचाही पंखा जाम होणार, प्रोपेलरला जाळीचा पिंजरा केला तरी.

तलावकाठचा: म्हणजे जिथे खरी गरज तिथेच ती कुचकामी?

नाखवा_हौशी: एकटी असेल तर. काकांच्या रॉडचा तंगूस तिच्या मागच्या कडीला बांधा आणि रीळ मोकळं सोडा. गेली तिथपर्यंत जाऊ दे. फास बसला की मोटर बंद करायची आणि काठावरून रीळ गुंडाळायचं, दोन्ही बोटी मागे येतात. रॉड आधी घ्या, बोट जमेल तेव्हा. रॉडचे पैसे वाया जाणार नाहीत.

शिवार: तलावाचा मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते बघा. त्या मंडळींकडे ट्रकची हवा भरलेली ट्यूब असते, तिच्यावर बसून हातानं वल्हवत जाऊन ते बोट आणून देतील, त्यांचं ते रोजचं काम आहे. चहापाण्याचं बघा म्हणजे झालं. त्यांची जाळी कुठे लावलीत तेही आधीच विचारून घ्या. बोटीनं जाळं फाडलं तर ट्यूब सोडा, तलावावर उभं करणार नाहीत.

गळवाले काका: बोटीच्या पोकळीत पोहण्याच्या नूडलचा फोम कोंबा, पाणी भरलं तरी बुडणार नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही, बुडाली की रिमोट नुसता शोभेला. आणि बॅटरी उतरल्यावर ईएससीनं मोटर बंद केली तरी रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) बॅटरी खातच असतो, त्यामुळे बोट हाती आल्यावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज बघा. 3 व्होल्टच्या खाली गेलेली किंवा फुगलेली लायपो परत चार्जिंगला लावू नका.

तलावकाठचा: काका, रॉडच घेतो. तंगूस किती जाडीचा? जलपर्णीचा गठ्ठा सोबत ओढला गेला तर साधा तुटेल असं वाटतं.

गळवाले काका: तंगूस नको मग, रिळावर वेणीची लाइन भरा. तेवढ्याच जाडीत कितीतरी जास्त ताण घेते. हातमोजे मात्र घाला, बोटं कापते.