शब्दचर्चा: ‘घरी’ आणि ‘खोलीवर’

प्रश्न (वेंगुर्ल्याची विद्यार्थिनी, सध्या जर्मनीत आखेन येथे)

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतून परतल्यावर मी आईला फोनवर सहज म्हटले, “आत्ताच घरी आले.” माझ्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते, वेंगुर्ल्यात रात्रीचे साडेदहा. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “खंयच्या घराक?” येथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्यामुळे कागदोपत्री माझे घर हेच आहे; तरी तिचा प्रश्न मनातून जात नाही. शिक्षणापुरत्या अशा जागेला मराठीत ‘घर’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर (मालवणहून)

आपल्या आईच्या प्रश्नामागे व्याकरणही आहे. ‘घरी’ हे जुन्या सप्तमीचे रूप असून गावी, दारी, माहेरी, सासरी ही त्याची भावंडे आहेत. त्यांना ‘त’, ‘वर’ किंवा ‘कडे’ जोडावे लागत नाही आणि बहुधा ‘माझ्या’ असेही म्हणावे लागत नाही, कारण घर कोणते हे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही धरून चालतात. ती समजूत प्रथमच डळमळली, म्हणून त्यांना विचारावे लागले. उलट, मुक्कामाच्या जागेला आपण ‘वर’ लावतो: खोलीवर, रूमवर, होस्टेलवर, जसे कामावर किंवा बंदरावर. ‘घरावर आलो’ असे कोणी म्हणत नाही. घरावर चढतो तो पावसाळ्यापूर्वी कौले परतणारा माणूस.

कोकणाला ही विभागणी नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे आपले चाकरमानी लालबाग-परळच्या चाळींतील गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत उमेदीची सगळी वर्षे काढत, पण ते राहत ‘खोलीवर’ आणि शिमग्याला, गणपतीला येत ते ‘घरी’. 1982 च्या संपात पगार थांबला तेव्हा त्यांतले कित्येक जण गावच्या याच घराच्या आधाराने तगले. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी अनेक घराण्यांत गणपती आजही मूळ घरातच बसतो. म्हणजे आपल्या बोलण्यातले घर हे निजण्याच्या जागेवरून ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मागे राहिलेल्या घरासाठी भाषेने ‘माहेर’ हा शब्द घडवला, पण तो लग्न होऊन गेलेल्या मुलीसाठी. वारकरी पुरुषही पंढरीला माहेर म्हणतात. मग शिक्षणासाठी दूर गेलेल्या मुलामुलींनी तो का वापरू नये?

पुरवणी (गुहागरहून)

‘बिऱ्हाड’ विसरू नये. जागा भाड्याची असली तरी जेथे आपली चूल आहे आणि आपला भात शिजतो, तेथे बिऱ्हाड असते. ‘खोली’पेक्षा त्यात अधिक ऊब आहे.

प्रश्नकर्तीकडून

‘माहेर’ मी वापरणार नाही, कारण त्यात दुसरे घर आपले झाल्याची कबुली आहे आणि ती द्यायला माझे मन तयार नाही. ‘बिऱ्हाड’ मात्र पटले: आईने दिलेला कुकर आणि उकड्या तांदळाची पिशवी येथेच आहे. काल फोनवर मी “बिऱ्हाडी पोचले” असे म्हटले, तेव्हा आईने लगेच विचारले, “जेवलंस?”