पुण्यात घरोघरी पाण्याचं मीटर हवं की नको?

मुठाकाठ
खडकवासला साखळीतल्या चारही धरणांत मिळून जेमतेम २९ टीएमसी (म्हणजे २९ अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातच शहर भागवायचं आणि दौंड-इंदापूरची शेतीही. पाऊस आता चार दिवस कोसळतो आणि मग तीन-तीन आठवडे दडी मारतो. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. आपण मात्र पाणीपट्टी घराच्या करपात्र रकमेवर भरतो, किती पाणी वापरलं त्यावर नाही.

आमच्या सोसायटीनं दीड वर्षापूर्वी स्वखर्चानं मीटर बसवले. पहिल्याच आठवड्यात वॉचमननं रात्री दोन वाजता बोलावून दाखवलं, सगळे झोपलेले आणि एका फ्लॅटचं मीटर फिरतंय. सकाळी फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाकून बसलो. दहा मिनिटांत कमोडमध्ये पिवळी धार उतरली. वॉशर झिजला होता, घरात कुणाला पत्ताही नव्हता. अशी सात घरं निघाली. माझं मत स्पष्ट आहे: मीटर सगळ्यांना, आणि वापर वाढेल तसा दर चढता.

धायरीहून
मीटर कशावर लावणार, कोरड्या नळावर? २०१७ ला आमची ११ गावं महापालिकेत घेतली, २०२१ ला आणखी २३. घरपट्टी लगेच सुरू झाली. पाणी अजून टँकरनं येतं. मागच्या मे महिन्यात माझ्या सासूबाई गुडघे धरून जिन्यात बसून होत्या, टँकर दुपारी येणार म्हणाले होते, आला रात्री अकराला. आम्ही प्रत्येक बादली मोजूनच वापरतो. बचतीचे धडे आधी मध्यवस्तीला द्या.

मुठाकाठ
ताई, म्हणून तर मीटर हवं. मध्यवस्तीत किती जातंय ते आकड्यात दिसलं तरच तुमच्याकडचं पाणी कुठे मुरतं हे कुणाला विचारता येईल.

पर्वती पायथा
मला चढता दर पटत नाही. आमच्या वस्तीत एका नळावर सात माणसं. माणशी १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर आमचे दिवसाला साडेनऊशे लिटर होतात. बंगल्यात दोघंच राहतात, बाग भिजवून, गाडी धुऊनही तेवढ्यातच बसतील. दर नळजोडावर लावलात तर दोघांनाही सारखाच टप्पा. हा न्याय नाही. शिवाय जुन्या इमारतींत स्वयंपाकघराला एक पाइप, दोन्ही बाथरूमना वेगळे. एका फ्लॅटला तीन मीटर कोण बसवणार?

लातूरची लेक
२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं तेव्हा मी माहेरी होते. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फ्लशला. ती सवय मीटरनं नाही, भीतीनं लागली. अशी वेळ पुण्यावर येऊ नये, पण मीटरच्या बिलानं सवय लागेल असं मला वाटत नाही. ज्याला परवडतं तो बिल भरतो आणि नळ सोडतो.

दौंडचा
शहरात वाद चालू द्या, पण कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, पंधरा दिवस लांबलं की आमचा ऊस वाळतो. आणि तुमचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनी धरणात जातं. तेच नीट शुद्ध करून शेतीला आणि बांधकामांना द्या. मीटरपेक्षा ते आधी.

मुठाकाठ
दौंडच्या दादांचं मान्य, पण ते मीटरऐवजी नको, बरोबरीनं हवं. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं मीटर आणि चढता दर लावूनच चोवीस तास पाणी दिलं. लहान गाव आहे, पुण्याशी सरळ तुलना होत नाही, हे कबूल. पर्वतीच्या मुद्द्यावर मी मत बदलतो: दर माणशी हवा, नळजोडावर नको. वस्तीला पहिला टप्पा फुकट हवा. लातूरच्या ताई, भरून नळ सोडणारे आहेत, पण आमच्या त्या सात घरांत तसा एकही नव्हता. त्यांना फक्त दिसत नव्हतं.

धायरीहून
आधी माझ्या नळाला पाणी येऊ दे, मग मीटरसाठी पहिली सही माझी.