हीटर चालूच राहिला, टाकी ३४ डिग्रीला गेली. आता भरवशाचा कोणता घेऊ?

निऑनवाला
नमस्कार मंडळी. माझी ६० लिटरची माशांची टाकी आहे, त्यात १२ निऑन टेट्रा आणि ५ कोरी (तळाशी राहणारे कोरीडोरास मासे) होते. परवा सकाळी उठून लाइट लावला तर सगळे निऑन वर पाण्याच्या कडेला येऊन तोंड उघडमिट करत होते, आणि कोरी सारखे खालून वर झेपावत होते. काचेला हात लावला तर गरम लागली. थर्मामीटर बघितला तर ३४! हीटरचा डायल २५ वरच होता पण लाल दिवा पेटलेला, रात्रभर बंदच झाला नव्हता बहुतेक. प्लग काढला, एअरपंप लावला, पण दुपारपर्यंत ७ निऑन गेले. खूप वाईट वाटतंय, दोन वर्षं सांभाळलेले मासे होते ते. हीटर २०० वॉटचा होता, मोठा घेतला की पाणी पटकन तापेल असं वाटलं म्हणून घेतलेला. आता नवीन घ्यायचाय तर असा कुठला हीटर आहे का जो अडकतच नाही? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

जुनी_टाकी
वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही प्लग काढून हवा सोडलीत ते अगदी बरोबर केलंत, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम असतो तो ३० ला साडेसातच्या आसपास येतो आणि नेमकं तेव्हाच माशांना जास्त लागतो. (पुढे कोणावर अशी वेळ आली तर बर्फ टाकू नका, साधं पाणी थोडं थोडं घालत हळूहळू उतरवा, एकदम गार झालं तर त्याचाही धक्का बसतो.)

आता प्रश्नाचं उत्तर. कधीच न अडकणारा हीटर मी तरी बघितला नाही. साध्या हीटरमध्ये बायमेटलची पट्टी असते, तापली की वाकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो, गार झाली की परत चिकटतो. दर वेळी तिथे छोटी ठिणगी पडते, कॉन्टॅक्ट हळूहळू जळत जातात आणि एक दिवस चिकटूनच बसतात. डिजिटल घेतला तरी आत चालू-बंद करायला रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा ट्रायाक (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो, रिलेचे कॉन्टॅक्टपण चिकटतात आणि ट्रायाक गेला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच जातो. त्यामुळे निवडताना मी हे बघतो की हा चालूच राहिला तर माझ्या माशांचं काय होईल.

तुमचाच हिशोब करू. १ लिटर पाणी १ डिग्री तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे ६० लिटरला २५० च्या आसपास. २०० वॉटचा हीटर ते २१ मिनिटांत करतो. बाहेर जाणारी उष्णता धरली तरी रात्रभरात ३४ होणं अवघड नाही. तेच ५० वॉटचा असता तर एका डिग्रीला जवळजवळ दीड तास, आणि तेवढ्यात काचेतून नि वरून उष्णता निघून जात राहते, म्हणून तो खोलीपेक्षा ५-६ डिग्री वर जाऊन तिथेच थांबला असता. तुमचे मासे वाचले असते.

कोरी_आणि_मी
वरच्यांशी एकदम सहमत. मी तर एका मोठ्याऐवजी दोन छोटे लावते, ६० लिटरला २५ वॉटचे दोन, टाकीच्या दोन टोकांना. एक चालू राहून अडकला तरी २५ वॉटने टाकी उकळत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा पाणी एकदम गार होऊ देत नाही. खोली फारच थंड असेल तर वॉट वाढवा, लिटरमागे १ वॉट हा अंदाज खोलीपेक्षा पाच-सहा डिग्रीच वर न्यायचं असेल तेव्हाचा आहे. वर झाकण ठेवलं की खूप फरक पडतो, बरीच उष्णता पाण्याच्या वाफेबरोबर जाते.

आणि डायलवर कधीच विश्वास ठेवू नका, माझ्या एकाचा २६ म्हणजे खरे २८ होते. वेगळा थर्मामीटर हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लावा. ईहाइम जेगर कंपनीच्या हीटरला डायल थर्मामीटरशी जुळवून घ्यायची सोय असते, ती मला आवडते.

निऑनवाला
दोघांचे आभार 🙏 वॉटचं गणित कोणी असं सांगितलंच नव्हतं. अजून एक विचारतो, बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर मिळतो ना, ज्यात हीटरचा प्लग लावतात, तो घ्यावा का? की दोन हीटर पुरे? आणि जुन्या हीटरच्या काचेत आतून धुकं धरल्यासारखं दिसतंय, त्याचा काही संबंध असेल का?

जुनी_टाकी
धुकं म्हणजे आत पाणी शिरलंय, तो हीटर आजच टाकून द्या, परत लावून बघूसुद्धा नका. टाकीत हात घालताना करंट लागू शकतो. टाकीच्या सॉकेटला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असेल तर उत्तम, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबेल अशी सोडा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच गळून पडतं, प्लगपर्यंत जात नाही.

कंट्रोलर जरूर घ्या. त्यावर २५ ठेवा आणि हीटरचा डायल २७ वर, म्हणजे रोजची चालू-बंद कंट्रोलर करतो आणि तो अडकला तर हीटर स्वतः २७ ला थांबतो. दोन्ही एकाच वेळी अडकायची शक्यता फार कमी.

पाणवनस्पती
कंट्रोलर चांगलाच, फक्त त्याचा प्रोब (पाण्याचं तापमान मोजणारं वायरचं टोक) घट्ट बसवा. माझ्याकडे सक्शन कप सुटून प्रोब पाण्याबाहेर लोंबकळत राहिला, कंट्रोलरला वाटलं टाकी थंड आहे आणि हीटरला करंट देतच राहिला. डायल २७ वर होता म्हणून निभावलं, पूर्ण वर फिरवून ठेवला असता तर वाट लागली असती.

हीटर फिल्टरच्या धारेजवळ तळाशी आडवा लावा, म्हणजे गरम पाणी सगळीकडे फिरतं आणि पाणी बदलताना तो उघडा पडत नाही. तरी पाणी बदलायच्या १५-२० मिनिटं आधी प्लग काढाच. तापलेली काच बाहेर राहिली आणि वरून गार पाणी पडलं की तडकते. मी प्लग टाकीच्या झाकणावर ठेवते, म्हणजे परत लावायला विसरत नाही.

निऑनवाला
ठरलं. २५ चे दोन, कंट्रोलर, आणि आरसीसीबीसाठी इलेक्ट्रिशियनला फोन केलाय. उरलेले ५ निऑन आज सकाळी खायला पुढे आले, कोरी पाचही ठीक आहेत. नवीन निऑन लगेच आणणार नाही, आधी दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवतो, मग इथे टाकतो.