ग्नावा हेडफोनवर ऐकून ट्रान्स येतो म्हणे!

मध्यमसा: काल ठोकताळा यांनी ग्नावाबद्दल, म्हणजे मोरोक्कोतल्या विधिसंगीताबद्दल, लिहिलं, ‘ग्नावा वीस मिनिटं हेडफोनवर ऐका, कुणालाही ट्रान्स लागेल. मेंदू ठेका पकडतो, धूप आणि रंग हा नुसता देखावा.’ राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मोरोक्कोतली लिला, म्हणजे ग्नावाचा विधी, रात्रभर चालते. माल्लेम, म्हणजे मुख्य वादक, गेम्ब्री हे तंतुवाद्य वाजवतो, पण कोणता धूप टाकायचा, कुणाच्या अंगावर कोणतं वस्त्र घालायचं हे मोकाद्माच्या, म्हणजे विधी चालवणाऱ्या बाईच्या हातात. प्रत्येक आत्म्याचा रंग ठरलेला: सिदी मूसाचा निळा, सिदी हम्मूचा लाल, सिदी मिमूनचा काळा, लल्ला मीराचा पिवळा. जिला लल्ला मीरा धरते ती बाई बाकीच्या चाली चालू असताना चहा पीत, शेजारणीशी बोलत बसते. पिवळ्याची चाल लागली की उठते. क्राकेब, म्हणजे हातातले लोखंडी टाळ, तर आधीपासून तितकेच कडकडत असतात. मग तिच्या मेंदूने तेव्हाच ठेका का नाही पकडला? आणि क्राकेब वाजवणारी पोरं पहाटेपर्यंत शुद्धीत कशी राहतात? फ्रेंच अभ्यासक जिल्बेर रुजे यांनी 1980 मध्येच हे मांडलंय: नुसत्या आवाजाने ट्रान्स लागत नाही.

ठोकताळा: पुस्तकं राहू द्या. मी मोरोक्कोत एस्सवीराच्या ग्नावा महोत्सवात स्टेजपाशी उभा होतो. गेम्ब्रीचा खर्ज बरगड्यांत घुमतो, माल्लेम तार छेडता छेडता चामड्यावरही थाप मारतो, वर लोखंडी क्राकेब. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला कुठला मूसा, कुठली मीरा माहीत होती?

मध्यमसा: डोळ्यांत पाणी येणं म्हणजे जद्बा, लिलेतला ट्रान्स, नव्हे. 1998 पासून हजारो लोक तिथे डोलून घरी जातात. लिलेत माल्लेमची नजर नाचणारीवर असते, तिचं पुरतं होईपर्यंत तो चाल सोडत नाही. स्टेजवर कार्यक्रम वेळेत आटपायचा असतो.

रानपाखरू: किती गोड शब्दांत सांगताय! सरळ म्हणा, अंगात येणं. माझ्या चुलतीच्याही यायचं. देवऋषी, अंगारे, उतारे यांत वर्षं गेली, डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता. असल्या गोष्टींचं कौतुक मला सहन होत नाही.

निळावंती: तुमच्या चुलतीचं वाईट वाटलं. पण माझ्या आत्याच्या अंगात गोंधळातच यायचं, संबळ चढला की. एरवी सासऱ्यांसमोर पदर सावरून उभी राहणारी बाई त्या रात्री त्यांना तोंडावर सुनवायची, आणि ते हात जोडून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा मोकळा असायचा.

रानपाखरू: आणि उरलेलं वर्ष तिने मुकाट राहायचं? बाईला बोलायला देवी लागते यात तुम्हाला काहीच खटकत नाही?

निळावंती: खटकतं. तुमच्यापेक्षा जास्त, कारण ती माझी आत्या होती. पण तिचं तोंड घरच्यांनी बंद केलं होतं, संबळाने नाही. राग योग्य जागी काढा.

रानपाखरू: आत्याला आधार मिळाला, ठीक, तेवढं मान्य. चुलतीला नाही मिळाला. मी माझ्या मतावर ठाम आहे.

चौकस: अंगात येण्यावर इतकं भांडण झालं, पण गुलामगिरीचं नाव कुणी काढलं नाही. सहाराच्या दक्षिणेकडून धरून नेलेल्या माणसांचं हे संगीत. गाण्यांत पश्चिम आफ्रिकेतल्या बांबारा भाषेचे शब्द अजून आहेत, आणि पैगंबरांचा हबशी सोबती बिलाल यांना ते आपला मूळपुरुष मानतात. 2019 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आल्यावर सगळ्यांना पुळका आला. मुळात ही साखळदंडातून आलेल्या लोकांची रात्र आहे. हे सोडून मेंदू आणि हेडफोन काय घेऊन बसलात?

ठोकताळा: इतिहास मला कुणी शिकवायला नको. बरं, ‘कुणालाही’ हा शब्द मागे घेतो. पण मध्यमसा, नुसतं पिवळं कापड टाकून उठेल का हो ती बाई? वाद्यांशिवाय?

मध्यमसा: नाही उठणार. चाल लागतेच. पण ती तिची चाल असावी लागते, एवढंच सकाळपासून सांगतोय.