पेशवे घराण्याच्या राधाबाई : ‘बाजीरावांच्या मातोश्री’ एवढीच ओळख पुरेशी आहे का?

सिन्नरकर (धागाकर्ते)

डुबेरे हे आमच्या शेजारचे गाव. तेथील बर्व्यांच्या वाड्यात 18 ऑगस्ट 1700 रोजी थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला, हे तालुक्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र ज्या माहेरवाशिणीच्या बाळंतपणामुळे तो वाडा इतिहासात गेला, तिच्याविषयी विचारले तर फारसे कोणी बोलत नाही. आमच्या वाचनालयातील महिला मंडळात राधाबाईंवर बोलण्याचे मी कबूल केले आहे. घर सांभाळणारी करारी बाई म्हणून त्यांच्याविषयी खात्रीने काय सांगता येईल? मस्तानीचा विषय निघणारच, तेव्हा तो कसा मांडावा, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

दप्तरी

काशीयात्रेपासून सुरुवात करा, कारण त्या प्रवासात राधाबाई स्वतःच्या हिमतीवर उभ्या दिसतात. फेब्रुवारी 1735 मध्ये त्यांनी पुणे सोडले आणि 1736 च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्या परतल्या. उदेपूर, नाथद्वारा, जयपूर, मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी आणि गया असा तो मार्ग होता. पावसाळ्याचे दिवस त्यांनी जयपुरास सवाई जयसिंगाच्या पाहुणचारात काढले. मराठ्यांच्या फौजा माळव्यात चौथाईसाठी धडका देत असताना पेशव्यांच्या आईने मोगली मुलखातून वर्षभराहून अधिक काळ फिरावे आणि वाटेतल्या सत्ताधीशांनी आपापल्या हद्दीतून तिला सन्मानाने पुढे पोचवावे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. ज्या मोगल सरदार महंमदखान बंगशाला बाजीरावांनी 1729 मध्ये जैतपुरास कोंडून जेरीस आणले होते, त्यानेही पेशव्यांच्या आईचा मानच राखला.

यात्रेमागे राजकारण होते का, असा प्रश्न श्रोते विचारतील. यात्रेमुळे रजपूत दरबारांशी जवळीक वाढली आणि 1736 च्या आरंभी बाजीराव स्वतः उदेपुरास जाऊन पुढे जयसिंगाला भेटले, हे खरे आहे. तरीही सर्वच यात्रेला मुत्सद्देगिरीचे नाव देऊ नये, असे माझे मत आहे. पंधरा वर्षांचे वैधव्य सोसलेल्या त्या काळच्या बाईला काशी आणि गया करावीशी वाटणे यात आश्चर्य काहीच नाही. इतिहासकार सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडून छापलेल्या 45 खंडांत या प्रवासाची पत्रे आहेत. ती अवश्य चाळा. कोणत्या मुक्कामी कोण सामोरे आले आणि कोणी काय दिले, असा मजकूर वाचताना माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात.

कसबेकर

काशीयात्रा महत्त्वाची आहेच, पण राधाबाईंचा खरा कस 1740 मध्ये लागला, असे मला वाटते. त्या वर्षाच्या आरंभी पुण्यात बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव यांची मुंज आणि धाकटे बंधू चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवराव यांचे लग्न अशी दोन कार्ये निघाली होती. मस्तानी घरात असेपर्यंत आपण कार्याला उभे राहणार नाही, असा ब्रह्मवृंदाचा पवित्रा होता. बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याविरुद्धच्या मोहिमेत गुंतलेले असताना घरच्यांनी मस्तानीला अटकेत ठेवले. 28 एप्रिल रोजी बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीस वारले, त्यांच्यापाठोपाठ मस्तानीही गेली आणि 17 डिसेंबर रोजी चिमाजीअप्पांनीही देह ठेवला. आठ महिन्यांच्या आत राधाबाईंचे दोन्ही मुलगे गेले. अप्पांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. सदाशिवरावांची जन्मदात्री तर 1730 मध्ये, ते महिनाभराचेही नसताना वारली होती. तेव्हापासून आजीनेच त्यांना वाढवले होते आणि आता त्या दहा वर्षांच्या पोराला आजीखेरीज जवळचे वडीलधारे उरले नाही.

सिन्नरकर, मस्तानीचा विषय टाळू नका आणि राधाबाईंना त्यातून सोडवूही नका. कुळाचार, सोवळे आणि बिरादरीतली पत यांपुढे मुलाचे मन त्यांनी दुय्यम मानले, असे स्पष्ट सांगावे. त्याच घरात मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर पुढे पेशव्यांच्या मुलांबरोबर वाढला आणि 1761 मध्ये पानिपतावरच्या जखमांनी मेला, हेही त्याच दमात सांगावे. ज्या घराने आईला बंदीत ठेवले, त्याच घराने तिच्या पोराला आपले म्हटले. त्या काळच्या घरकारभारात या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदत होत्या.

बारामतीची सून

वरच्या प्रतिसादांत लेकींचा उल्लेख राहिला, म्हणून लिहिते. भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांच्याकडे आणि अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांकडे दिल्या होत्या. बाजीराव गेल्यावर पेशवेपदावर त्यांचे थोरले पुत्र नानासाहेब यांच्या विरोधात नाव पुढे आले ते बाबूजी नाईकांचे, म्हणजे भिऊबाईंच्या दिरांचे! त्यांच्या पाठीशी रघूजी भोसले होते. बाजीरावांच्या डोक्यावरच्या कर्जात नाईकांचेही मोठे देणे होते. नातू एकीकडे आणि लेकीचे सासर दुसरीकडे, अशा कात्रीत ती म्हातारी सापडली होती. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांनाच दिली. पण तोवरचे आठवडे त्या घरात कसे गेले असतील, याची कल्पना सोयरिकीतले भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या कोणालाही करता येईल.

संकटाची सवय मात्र त्यांना जुनी होती. त्यांचे पती बाळाजी विश्वनाथ यांना दमाजी थोराताने हिंगणगावास कुटुंबकबिल्यासह धरून ठेवले होते आणि खंडणीसाठी तोंडाला राखेचा तोबरा बांधण्याची धमकी दिली होती. सातारच्या दरबारात वजन मिळण्याआधी या घराने जिवावरचे प्रसंग पाहिले होते, हे श्रोत्यांना सांगितलेत तर शनिवारवाड्याच्या थाटाने त्यांची दिशाभूल होणार नाही.

सिन्नरकर

सर्वांचे आभार. काशीयात्रा आधी घेऊन 1740 वर अधिक वेळ देईन. भिऊबाईंच्या सासरचा धागा मला ठाऊक नव्हता. एक शंका उरते : सदाशिवरावांच्या वाढीत राधाबाईंचा वाटा दाखवणारा मजकूर कुठे पाहावा?

दप्तरी

त्याच खंडांतील घरगुती पत्रे पाहा. मुलांची दुखणी, मुंजी, लग्ने आणि मोहिमेवरून आलेली खुशाली असा मजकूर त्यांत विखुरलेला आहे. राधाबाई 1753 मध्ये वारल्या, तेव्हा भाऊसाहेब, म्हणजे सदाशिवराव, ऐन उमेदीत होते आणि कारभारात त्यांचा हात चांगला बसला होता. त्यामुळे 1740 ते 1753 एवढ्याच वर्षांचे कागद आधी हाताळलेत तरी व्याख्यानापुरते पुष्कळ मिळेल.