पोर्टफोलिओ साइटवर सरावाच्या पीडीएफ सापडत नाहीत. मांडणी कशी बदलावी?

रंकाळा_रेषा (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. चित्रकला शिक्षकाची वर्डप्रेसवरची पोर्टफोलिओ साइट आहे. मेनू असा: मुख्यपान, माझ्याविषयी, गॅलरी, ब्लॉग, डाउनलोड, संपर्क. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या सरावाच्या साधारण १२० पीडीएफ 'डाउनलोड' या एकाच पानावर तारखेच्या क्रमानं लावल्यात, फाइली गूगल ड्राइव्हवर. पोरं आणि पालक मोबाइलवरून येतात, खाली सरकवत बसतात आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक मागतात. सर्चमध्ये 'भूमिती' टाकलं तर परत तेच लांबलचक डाउनलोड पान समोर येतं. नवी थीम (साइटच्या रूपाचा तयार साचा) घेऊन फरक पडेल का?

पाटी_पेन्सिल
थीमवर पैसे घालू नका, दुखणं मांडणीत आहे. वर्डप्रेसचा मूळ सर्च पोस्ट आणि पानांची शीर्षकं व मजकूर तेवढा बघतो, पीडीएफच्या आत शिरत नाही. १२० लिंका एका पानावर असतील तर तो तेच पान दाखवणार, दुसरं काय करणार?

तारीख तुमच्या सोयीची आहे, येणाऱ्याच्या नाही. सातवीतल्या पोराच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात: परीक्षा कोणती आणि पेपर कुठला. शासकीय रेखाकला परीक्षेत हे वर्गीकरण आयतंच मिळतं. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र. दोन परीक्षा, प्रत्येकी चार पेपर, झाले आठ कप्पे. यापेक्षा जास्त खोल जाऊ नका. मोबाइलवर तिसऱ्या टॅपला फाइल हातात आली पाहिजे.

मग प्रत्येक पीडीएफला स्वतंत्र पोस्ट करा. पोस्टमध्ये पहिल्या पानाचं छोटं चित्र, आत काय आहे ते दोन ओळींत, पानं किती, फाइल किती एमबी आणि एक मोठं बटण. बटणावर 'इथे क्लिक करा' नको. 'वस्तुचित्र सराव ३ उतरवून घ्या' असं लिहा. एकदम १२० होणार नाहीत. आधी ज्यांच्या लिंका सारख्या मागितल्या जातात त्या करा.

मुख्यपानावर स्लायडर (आपोआप सरकणारी चित्रं) असेल तर काढा. दोन सरळ दारं ठेवा, 'चित्रं' आणि 'सराव-साहित्य'. चित्र विकत घ्यायला आलेल्या माणसाला वर्कशीटमधून वाट काढायला लावू नये आणि पोराला गॅलरीतून.

अक्षरजुळणी
वरचं सगळं बरोबर, पण मराठी साइटला आणखी तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिलं, फॉन्ट. पीडीएफ जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) टाइप केली असेल तर दिसायला मराठी, पण आत भलतीच अक्षरं असतात. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा आला तर गूगललाही तोच कचरा दिसतोय. निदान शीर्षक आणि वर्णन तरी पोस्टमध्ये युनिकोडमध्ये हवंच.

दुसरं, पत्ता. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस स्लगही, म्हणजे पत्त्यातलं पानाचं नावही, देवनागरीत करतो. लिंक कॉपी केली की प्रत्येक चिन्हाची (काना-मात्रा वेगळे धरून) नऊ रोमन चिन्हं होतात. 'भूमिती' एवढ्याशा शब्दाची ५४. स्लगची मर्यादा २०० आहे, म्हणजे साधारण बाविसाव्या चिन्हाला नाव तुटतं. 'एलिमेंटरी परीक्षा वस्तुचित्र सराव' असली सगळी शीर्षकं मग एकाच जागी तुटतात आणि मागे नुसते २, ३, ४ असे आकडे लागतात. स्लग रोमन लिपीत, आखूड, हातानं लिहा. फाइलचं नावही तसंच.

तिसरं, सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. 'भूमिती' शोधलं तर 'भूमितीचे' सापडतं, कारण मूळ शब्द जसाच्या तसा आत आहे. पण 'घडा' शोधणाऱ्याला 'घड्याचे रेखाटन' सापडत नाही. म्हणून वर्णनात मूळ रूप एकदा तरी येऊ द्या. शिवाय पोरं रोमन लिपीत टाइप करतात, तेही स्पेलिंग शेवटच्या ओळीत घाला.

रंकाळा_रेषा
मनापासून आभार. ड्राइव्हच्या लिंका शाळांच्या ग्रुपवर फिरल्या आहेत, त्या तुटतील का? आणि भूमितीची पानं झेरॉक्सवाल्याकडे काढली की मापं चुकतात अशी तक्रार येते.

छापा_आणि_मोजा
ड्राइव्हवरची फाइल काढून टाकू नका, म्हणजे लिंक तुटणार नाही. दुरुस्त प्रत चढवताना जुनी फाइल डिलीट करून नवी टाकायची नाही; 'मॅनेज व्हर्जन्स'मधून त्याच फाइलवर चढवा, पत्ता तोच राहतो. शेअरिंग 'एनीवन विथ द लिंक' आहे ना, हे लॉगिन नसलेल्या खिडकीत उघडून बघा. एखादी फाइल 'रिस्ट्रिक्टेड' राहिली असेल तर पोराला परवानगी मागायचं पान दिसतं आणि ते तिथूनच परत फिरतं. 'डाउनलोड' पानाचा पत्ताही बदलू नका. त्याच पत्त्यावर आता आठ कप्प्यांची सूची ठेवा.

मापं चुकण्याचं कारण प्रिंटरची 'फिट' सेटिंग. कडेला जागा सोडायला ती पान थोडं आखडते आणि ५ सेंमीची रेघ ४.८ च्या आसपास येते. पोरगं कंपास लावून रचना करतं, आणि उत्तर जुळत नाही म्हणून स्वतःलाच चुकीचं समजतं. हे फार वाईट आहे. प्रत्येक भूमितीच्या पानाच्या तळाशी बरोबर १० सेंमीची रेघ काढा आणि खाली लिहा: 'अ‍ॅक्चुअल साइजमध्ये छापा, ही रेघ पट्टीनं मोजा'. ए-४ वर चारी बाजूंनी १५ मिमी कोरी जागा ठेवली तर 'अ‍ॅक्चुअल साइज'ला कडा कापल्या जात नाहीत. हीच सूचना पोस्टमध्ये बटणाच्या वर द्या, कारण पुष्कळ जण फाइल न उघडताच दुकानदाराला पाठवतात.

स्कॅन केलेली चित्रं छापायला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा, म्हणजे ए-४ साठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल. पोस्टमधलं छोटं चित्र मात्र वेगळं, ६०० पिक्सेल रुंदीचं. तिथं मूळ स्कॅन लावलं की पान उघडायलाच वेळ लागतो.

पाटी_पेन्सिल
एक राहिलं. साइटला गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ (साइटवर कोण काय करतं ते मोजणारं साधन) जोडलं असेल तर 'एन्हान्स्ड मेजरमेंट' चालू आहे का ते बघा. सर्चमध्ये कोणते शब्द टाकले गेले ते त्यात नोंदलं जातं. साइटवर ठेवलेल्या पीडीएफ किती वेळा उतरवल्या तेही कळतं. ड्राइव्हची लिंक मात्र त्यात नुसती बाहेर जाणारा क्लिक म्हणून दिसते. महिनाभरानं ती शब्दांची यादी काढा आणि जे शब्द तुमच्या शीर्षकांत नाहीत ते वर्णनात घाला.